काळ्या दोऱ्याचा तुंबा

बाळांनो, वाळलेला दुधी भोपळा तुमच्यापैकी किती जणांनी हातात धरला आहे? ज्यांनी धरला नसेल त्यांनी आता धरा. दोन्ही हात पुढे करा म्हणजे झालं. भोपळा वेलीवरच वाळू दिलेला आहे. पोटाला गोल, मानेला बारीक. आतला गर कुजवून काढून टाकलेला, त्यामुळे वजन जवळजवळ नाहीच. टिचकी मारली की ठण्ण वाजतो. पाण्यात टाकला तर बुडत नाही. चंद्रपूरकडच्या झाडीपट्टीत त्याला तुंबा म्हणतात. रानात जाणारा माणूस त्यात प्यायचं पाणी नेतो, घरची बाई त्यात बियाणं ठेवते, आणि तलावात मासे धरणारे ढिवर लोक तो जाळ्याच्या वरच्या दोराला बांधतात. तुंबे तरंगतात आणि जाळं पाण्यात उभं राहतं.

असा एक तुंबा तुमच्या मांडीवर आहे असं समजा. तुम्ही एसटीत बसला आहात. तुंब्याचं तोंड लाखेनं बंद केलेलं आहे आणि मानेला काळा दोरा बांधलेला आहे. आत काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. ते कशा अवस्थेत आहे, एवढंच ठाऊक नाही. फोडला तर लगेच कळेल, पण हात पुढे होत नाही.

आचल मांदाळेचा हात पुढे होत नव्हता. का, ते सांगायचं तर तीन दिवस मागं जावं लागेल.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून दोन कोस आत मोहबोडी गाव. गावाला मालगुजारांच्या काळातला जुना तलाव. त्याच्या काठावर ढिवरांची पंधरा घरं, त्यातलं एक मनसारामचं. घरात तो, बायको गोकुळा, मुलगी आचल आणि त्याचा धाकटा भाऊ डोमा. छताच्या वाशांना सात तुंबे टांगलेले. सहांत गोकुळाचं बियाणं असायचं. अंबाडी, काकडी, चवळी, असं काहीबाही. सातव्यात आचलचे कागद होते.

तुम्ही म्हणाल, कागद भोपळ्यात कोण ठेवतं? मनसारामनंही आधी लोखंडी पेटीतच ठेवले होते. आचलच्या पणज्याचा जन्म कोतवालाच्या जुन्या वहीत नोंदलेला होता, नावापुढे जात लिहिलेली होती. त्या नोंदीची नक्कल मिळाल्याशिवाय जातीचा दाखला नाही, दाखल्याशिवाय पडताळणी नाही. ती नक्कल काढायला मनसाराम वर्षभर चंद्रपूरला खेटे घालत होता. एक खेटा म्हणजे तलावावर मासे धरायची एक पाळी बुडाली. शेवटी नक्कल मिळाली, ती त्यानं पेटीत ठेवली, आणि पावसाळ्यात पेटी उघडली तर उधईनं, म्हणजे वाळवीनं, तिची चाळणी केलेली. पुन्हा वर्षभर खेटे. दुसऱ्या वेळी पडताळणीचा दाखला हाती आला तेव्हा तो गोकुळाला म्हणाला, "आता पेटी नाई पायजे. कडू भोपळ्याले उधई तोंड लावत नाई."

"मंग प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून तरी ठेवा."

"पन्नीले शिक्का चिपकते. बाबूनं सांगतलं मले."

मग त्यानं दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे कागद, सगळ्याची एक सुरळी केली, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि तुंब्यात सरकवली. तोंडाला झाकण बसवून लाख ओतली. ओळखू यावा म्हणून मानेला काळा दोरा बांधला.

हे झालं उन्हाळ्याच्या शेवटी, बारावीचा निकाल लागल्यावर. डोमा आंध्रात मिरची तोडायला गेलेला, तेव्हा अजून परतला नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आचल मूलला बारावीपर्यंत शिकली. तिच्या कॉलेजात एका खोलीत एक संगणक होता. त्याच्यावर विणलेला रुमाल, खोलीला कुलूप, आणि किल्ली गणिताच्या माधवी मॅडमकडे. मॅडमनं एकदा विचारलं, "कुणाला याच्याशी काही करून पाहायचं आहे?" आचलनं हात वर केला. दोन महिने रोज मधल्या सुटीत ती त्या खोलीत बसली आणि तिनं गावच्या कामाचीच एक गोष्ट तयार केली. तलावावर पंधरा घरांच्या पाळ्या असतात. कुणाचा दिवस कुठला, सणाला कोण, लग्न निघालं तर कुणाशी बदली, यावरून दरवर्षी डोकी फुटायची. आचलनं संगणकाला ते नियम सांगितले आणि त्यानं अख्ख्या वर्षाची यादी छापून दिली. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष वारलूभाऊ ती यादी तासभर उलटीपालटी करून पाहत बसले. चूक सापडेना. मग त्यांनी ती सोसायटीच्या खोलीत खिळ्याला टांगली. त्या वर्षी भांडण झालं नाही.

तेव्हाच आचलनं ठरवलं, शिकायचं तर हेच. संगणकाचं इंजिनिअरिंग. तिनं परीक्षा दिली, अर्ज भरला. अर्जाला झेरॉक्स चालल्या. अस्सल कागद तुंब्यात राहिले.

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. जुलैच्या शेवटी पाच दिवस झड लागली होती. रविवारी सकाळी तलाव काठोकाठ आला आणि सलंगीवरून पाणी सुटलं. सलंग म्हणजे तलावाच्या पाळीतली, म्हणजे बांधातली, दगडी वाट, जादा पाणी तिथून नाल्यात जातं. पाण्याबरोबर मासेही जातात. म्हणून सलंगीच्या तोंडाशी आडवं जाळं बांधायचं असतं, आणि ते घाईनं बांधायचं असतं. सगळी माणसं धावली. तुंबे कमी पडले. वारलू ओरडला, "घरी जा बे कोणी! दिसन थो तुंबा आणा!"

डोमा घरी धावला. मनसाराम पाण्यात होता. गोकुळा आणि आचल पाटलाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणा म्हणजे लावणी करत होत्या. बियाणं केव्हाच पेरून झालं होतं, तुंबे रिकामे. डोमानं सातही काढले, खांद्यावर घेतले आणि पळाला.

सोमवारी दुपारी आचल गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोपं खोवत होती. कंबर सकाळपासून ठणकत होती आणि बोटांची कातडी पांढरी पडली होती. बांधावरून धम्मदीप सायकल ढकलत आला. मोठ्या रस्त्यावर त्याचं एसटीडीचं दुकान होतं.

"आचल! ये आचल! मॅडमचा फोन आलता! लागला ना नंबर तुहा!"

आचल वाकलेलीच राहिली. "कायचा नंबर, दादा?"

"कायचा म्हंजे? कंपूटरचा! नागपूरले! मले तीनदा लिवाले लावलं मॅडमनं." त्यानं खिशातली चिठ्ठी काढली. "बुधवार. संध्याकाळी पाचच्या आत. अस्सल कागद घेऊन सोता हजर. नाई गेली त जागा दुसऱ्याले."

बायका रोवणा सोडून उभ्या राहिल्या. एकजण म्हणाली, "म्हंजे आता इचे हात चिखलातून निंगाले म्हणा की." दुसरी म्हणाली, "निंगू दे बापा. माह्या तर कपाळापर्यंत आला चिखल." सगळ्या हसल्या. गोकुळा हसली नाही. हातातली रोपं तिनं जपून पाण्यात ठेवली आणि म्हणाली, "चाल घरी. कागद पाहू आधी."

घरात शिरल्याबरोबर तिनं वर पाहिलं. सात दोऱ्या लोंबत होत्या. तुंबा एकही नव्हता.

काल रात्री अंधारात, दमून आल्यावर कुणी वर पाहिलंच नव्हतं. मग तिनं आतल्या खोलीत पाहिलं, चुलीमागं पाहिलं, पाटीखाली पाहिलं. डोमा ओसरीवर बिडी ओढत बसला होता. गोकुळानं विचारलं, "भाऊजी, तुंबे कुठी?"

"जाळ्याले बांधले ना. काल."

"सातही?"

"सातही. कावून?"

"काळ्या दोऱ्याचा होता एक."

"होता. मले वाटलं खूण केली असन दादानं." डोमानं वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं आणि बिडी खाली ठेवली. "का होतं वयनी त्यात?"

गोकुळानं सांगितलं. डोमा उठला, भिंतीला डोकं टेकून उभा राहिला आणि तसाच, पायात काही न घालता, पाऊस अंगावर घेत तलावाकडे निघाला. आचल त्याच्या मागं.

सलंगीवर मनसाराम आणि वारलू जाळ्यात अडकलेला काडीकचरा बांबूनं ढकलत होते. डोमा काय सांगतोय ते मनसारामला दोनदा ऐकावं लागलं. मग तो जाळ्याकडे पाहू लागला. तीस हात लांब दोर, धनुष्यासारखा वाकलेला. त्याच्यावर चाळीसेक तुंबे पाण्याच्या धारेत वरखाली होत होते. सगळे चिखलानं एकाच रंगाचे झाले होते.

"वारलूभाऊ, जाळं एक घडी सैल करा लागते," मनसाराम म्हणाला.

"पागल झाला का? आत्ता सोडलं त वर्साचे मासे चालले नाल्यानं."

"पोरीचे कागद हायेत."

"पोरीचे कागद हायेत आन् पंधरा घरचं पोट हाये." वारलू आचलकडे वळला. "तू हुशार ना वो बाई? सांग मंग, घडीभर जाळं सोडलं त किती मासे जाईन? कर हिशोब. यादी केली, हे बी कर."

सगळे तिच्याकडे पाहत होते. तिच्या कुडत्याच्या टोकावरून चिखल गळत होता. गेल्या वर्षी सोडलेलं माशांचं बीज, या वर्षीचं बीज, पाण्याची ओढ. खोटं बोलता आलं असतं.

"अर्धेअधिक जाईन, काका," ती म्हणाली.

"ऐका! तिले समजते, तुले नाई समजत." पण वारलूचा आवाज खाली आला होता. "जाळ्याले हात नोको लावू. दोराच्या काठाकाठानं जाऊन एक एक पाह्य. बुडाला त मले नोको म्हनजो."

मनसारामच्या कमरेला दोर बांधला. दुसरं टोक डोमा आणि आचलच्या हातात. तो छातीभर पाण्यात शिरला. धार त्याला जाळ्यावर दाबत होती. एका हातानं वरचा दोर धरून दुसऱ्या हातानं तो एकेका तुंब्याला टिचकी मारायचा. रिकामा असला की ठण्ण. आत कागद असला तर ठप्प वाजणार. ठण्ण. ठण्ण. प्रत्येक वेळी तो काठाकडे पाहून मान हलवायचा. काठावर आचलचे ओठ आकडे मोजत होते. तेवीसपर्यंत तो गेला. पुढे मधला भाग, तिथं ओढ इतकी की दोन वेळा त्याचे पाय निघाले, आणि डोमानं दोर ओढून त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या बरगड्यांवर जाळ्याचे चौकोन उमटले होते. अंधार झाला.

मंगळवारी दुपारपर्यंत पाण्यात पाय घालणं शक्य नव्हतं. आचल पाळीवर डोक्यावर पोतं घेऊन बसून राहिली. गोकुळानं आणलेली भाकर तिच्या मांडीवर भिजली. नागपूरला जाणारी सकाळची गाडी तिच्याशिवाय गेली होती. आता उरली उद्याची एक.

दुपार कलल्यावर मनसाराम पुन्हा उतरला. या वेळी दुसऱ्या काठानं. मधोमध पळसाचं एक खोड वाहत येऊन जाळ्यात रुतलं होतं आणि त्यानं दोर पाण्याखाली दाबून धरला होता. मनसारामनं श्वास घेऊन डोकं बुडवलं. वर आला, पुन्हा बुडाला. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा तो ओरडला, पण काय ते कळलं नाही.

काठावर आल्यावर तो बसला. दात वाजत होते.

"हाये. खोडाखाली हाये. बोटाले लाख लागली." त्यानं बोटं दाखवली, जणू लाख तिथंच चिकटली होती. "हात जात नाई. दोराचं एक टोक सोडलं तरच खोड निंगते."

आचलला वाटलं, बाबा आता वारलूकाकांचे पाय धरतील. पण मनसारामही सोसायटीचाच माणूस होता. तोच म्हणाला, "नाई. पंधरा घरचं हाये. मी नाई म्हणत सोडा म्हणून."

ते ऐकून आचल उठली आणि घरी जायला निघाली. रडू येत नव्हतं. उद्यापासून पुन्हा रोवणा, पाटलाची बांधी अजून अर्धी उरली आहे, एवढंच डोक्यात येत होतं. बाळांनो, काही वेळा माणूस दुःखाच्याही पलीकडे जाऊन कामाचाच विचार करू लागतो, कारण काम तेवढं ओळखीचं असतं.

त्या संध्याकाळी सोसायटीच्या खोलीत सगळे जमले. गोकुळानं जमवले. ती दारोदार गेली होती. काय बोलली ते तिनं कधी सांगितलं नाही. वारलू म्हणाला, "सलंगीच्या खाली नाला दोन भिताडीतून जाते, आठ हाताची वाट हाये. घरोघरची हातजाळी आणा. बाया, मानसं, सगळे तिथी आडवे उभे राहा. वरचं टोक एका दमापुरतं सोडतो. जेवढे मासे अडले तेवढे अडले. पन एक बात." तो मनसारामकडे वळला. "जाईन ते कोणाच्या वाट्यातून जाईन? एकाची तरी पाळी बसवा लागते, बंद करा लागते."

"माही बसवा," मनसाराम म्हणाला.

"वर्सभराची?"

"वर्सभराची."

वारलूनं खिळ्यावरची यंदाची यादी काढली आणि आचलपुढे धरली. "कागद तुवाच केला. काट तूच मार."

खिशातला पेन त्यानंच दिला. यादीत ठरावीक अंतरानं बाबाचं नाव येत होतं, तिनंच ते तसं बसवलं होतं, कुणावर अन्याय होऊ नये म्हणून. आचल एकेका नावावर रेघ ओढत गेली. ओल्या कागदावर पेन अडखळत होता. एका ठिकाणी कागद फाटला. शेवटचं नावही तिनं खोडलं. मनसाराम दाराबाहेर पावसात उभा राहून तलावाकडे पाहत होता.

बुधवारी फटफटताच सगळे नाल्यात उतरले. वारलूची बायको पुढं होती. तिनं पदर खोचला आणि गोकुळाला म्हणाली, "तुही पोट्टी कलेक्टर होते का का होते ते होऊ दे, पन माहं जाळं फाटलं त नवीन घेईन मी तिच्याकडून."

वर मनसाराम आणि डोमा खोडापाशी, वारलू दोराच्या टोकापाशी. वारलूनं गाठ सोडली.

पाणी एकदम फुगून आलं. जाळं फिरलं, खोड उभं राहिलं आणि खालच्या तुंब्याची गाठ तोडून सुटलं. त्याचा एक फाटा मनसारामच्या छातीवर आदळला आणि तो दिसेनासा झाला. डोमानं त्याला केसांना धरून वर काढलं. खाली नाल्यात मासे माणसांच्या मांड्यांवर, पोटांवर धडकत होते. बायका ओरडत होत्या. कुणाचं जाळं वर उचललं जात होतं, कुणी पडत होतं आणि पुन्हा उभं राहत होतं. आचलनं मासे पाहिले नाहीत. तिला पाण्यावर उड्या घेत येणारा एक तुंबा दिसला, मानेला काहीतरी काळं. तो भिंतीवर आपटला, फिरला, माणसांच्या रांगेपाशी आला, आईनं हात टाकला, तिच्या बोटांखालून तो निसटला आणि जाळ्यावरून उडी घेऊन खाली गेला. तुंबा तो, त्याला तरंगण्याशिवाय दुसरं काय येतं!

आचल धावली. नाल्याच्या काठानं, बांधावरून, बांध संपला की बांधीतून. परवाच स्वतः रोवलेली रोपं पायाखाली जात होती. तुंबा कधी दिसायचा, कधी झुडपात जायचा. एका वळणावर तिनं नाल्यात उडी टाकली तर तो तिच्यापुढे हातभर राहिला आणि पुन्हा धारेला लागला. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. डाव्या पायात काटा मोडला, तो तिनं काढला नाही. दोन कोस म्हणजे किती, ते पायांनी मोजल्याशिवाय कळत नाही.

मोठ्या रस्त्यावर नाल्याचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, आहे. रपट्यावरून पाणी वाहत होतं आणि अलीकडे नागपूरची एसटी, दोन ट्रक आणि एक बैलगाडी पाणी उतरायची वाट पाहत उभ्या होत्या. रपट्याच्या तोंडाशी बेशरमाची झुडपं पाण्यात लोळत होती. त्यांत तुंबा अडकला होता. आचल गळ्यापर्यंत पाण्यात गेली, तो छातीशी धरला आणि काठावर येऊन बसली. धम्मदीप दुकानातून धावत आला. त्यानं तिच्या खांद्यावर रुमाल टाकला.

बऱ्याच वेळानं मनसाराम आला, वाकून, एक हात छातीवर दाबून. दुसऱ्या हातात तिची कपड्यांची पिशवी. आचलनं तुंबा त्याच्यापुढे धरला. मनसारामनं चिखल पुसला. लाख जागेवर होती, पण तिच्या काठाशी केसाएवढी चीर गेली होती. ती चीर आपटून पडलेली होती की आतपर्यंत गेलेली, ते सांगता येत नव्हतं. त्यानं टिचकी मारायला बोट वाकवलं आणि मारली नाही.

"फोडू का बाबा?" आचलनं विचारलं.

"वरतून पाऊस, खालतून पाणी. इथी फोडून ठेवशीन कुठी?" मग तो हळूच म्हणाला, "तिथीच फोडू. लागन तवा."

बाप का थांबला ते आचलला कळलं. तीही थांबली.

पाणी उतरायला दहा वाजले. गाडीचं छत गळत होतं. आचल खिडकीजवळ ओढणीखाली तुंबा झाकून बसली. शेजारची म्हातारी म्हणाली, "भाजी कराले नेतं का वो माय, एवढ्या दूर?" आचल हो म्हणाली. नागभीड गेलं, उमरेड गेलं. मनसाराम श्वास घेताना थांबून थांबून घेत होता. एकदा आचलनं तुंबा कानाशी नेला. आत पाणी डुचमळतं का ते ऐकावं, असं तिला वाटलं. पण गाडीच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, आणि तिला बरंच वाटलं.

नागपूरला स्टँडपासून कॉलेज विचारत विचारत दोघं पोचली तेव्हा साडेचार होत आले होते. मोठी इमारत, आत चकचकीत फरशी. मनसाराम आपल्या पायांकडे पाहून दारातच थांबला. "तू जा. मी इथी हाव."

खिडकीपुढे चार मुलं होती. सगळ्यांच्या हातांत फाइली. आचलचा नंबर आला तेव्हा घड्याळात पाचला अठरा मिनिटं कमी होती. खिडकीतल्या बाबूंनी यादीत तिचं नाव शोधलं, खूण केली.

"मूळ कागदपत्रं?"

आचलनं तुंबा पुढे केला. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, भोपळा घेऊन आली!" दोघं-तिघं हसले.

"हे काय?" बाबूंनी विचारलं.

"कागद हायेत साहेब. आत."

"मग काढा ना."

आचल फरशीवर बसली. तिनं दोन्ही हातांनी तुंबा उचलला आणि आपटला. तो फुटला नाही. हसणं थांबलं. तिनं पुन्हा आपटला, जोरात, आणि तो दोन फाळ्यांत उघडला. फरशीवर पाण्याचा एक लहानसा ओघळ गेला.

फडकं ओलं होतं. ते तिनं उलगडलं. सुरळी ओली होती, सगळी नाही, एका बाजूनं. कागद एकमेकांना चिकटून त्यांचा एकच जाड कागद झाला होता.

बाबू खिडकीतून वाकून पाहत होते. ते वाईट माणूस नव्हते. "अगं, असे कसे घेऊ मी? प्रत्येक कागद वेगळा लागतो, शिक्का दिसायला लागतो. वाळवून उद्या..." ते थांबले. उद्या नव्हता, ते त्यांनाही ठाऊक होतं. "पाचला खिडकी बंद करावी लागते मला. आण इकडे, बघू निघतात का." त्यांनी हात बाहेर काढून सुरळीचं टोक चिमटीत धरलं.

"ओढू नोका!" आचल म्हणाली.

ती इतक्या मोठ्यानं बोलली की दारातला मनसाराम आत आला. ओल्या, चिखलाच्या पायांनी, त्या फरशीवरून.

आचल सहा वर्षांची होती तेव्हा त्यानं तिला पाळीवर बसवून शिकवलं होतं. जाळ्यात मासा अडकला की पोरं शेपटी धरून ओढतात. मासा फाटतो आणि जाळंही फाटतं. मासा ओढायचा नसतो, माय. आधी कुठून शिरला ते पाह्यचं. मग त्याच वाटेनं एक एक दोरा मागं सारायचा. घाई असली तरी. घाई असली तर जास्तच.

तिनं सुरळी मांडीवर आडवी ठेवली. कोरड्या बाजूचा कोपरा शोधला. अंगठ्याचं नख दोन कागदांच्या मधे ठेवलं आणि दाबलं नाही, फक्त सरकवलं. मग थांबली, पुन्हा सरकवलं. वरचा कागद एक बोटभर सुटला, मग दोन बोटं. दहावीची गुणपत्रिका. कडेची शाई पसरली होती, आकडे वाचता येत होते. तिनं ती फरशीवर ठेवली. मनसारामनं गुडघे टेकले आणि पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून तुंब्याची फुटकी फाळी त्याच्या कोपऱ्यावर ठेवली.

दुसरा कागद निघाला. तिसरा मधेच अडला, तिनं दुसऱ्या टोकाकडून धरला, तोही निघाला. मागच्या रांगेतली मुलं खाली बसून पाहू लागली होती. बाबूंनी खिडकीचं दार ओढून घेण्यासाठी कडीवर ठेवलेला हात तसाच ठेवला होता. खाली अजून तीन कागद होते, आणि त्यांत पडताळणीचा दाखला सगळ्यात ओल्या बाजूला.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा टकटक करत होता. आचलनं तिकडे पाहिलं नाही. तिनं अंगठा बापाच्या कोरड्या झालेल्या बाहीला पुसला, श्वास आत धरला, आणि चौथ्या कागदाचा कोपरा शोधू लागली.